गॉगल घातलेलं खेचर

खेचर म्हणजे घोडी आई आणि गाढव बाप, हे कंट्रोलरसाहेबांना पाठ होतं. पेपरात प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण पेपरातलं खेचर पेपरातच राहतं, आणि हे टेम्पोच्या फळ्यांवर लाथा झाडत साहेबांच्या फाटकाशी येऊन उभं राहिलं होतं. त्यानंतर साहेबांची मान जी खाली गेली ती कशी, तेच सांगायचं आहे.

कंट्रोलर म्हणजे कॉलेजातले परीक्षा नियंत्रक. निवृत्त झाले तरी वसाहतीत त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. त्यांच्या राज्यात कॉपी करणाऱ्याची खैर नव्हती. साहेब वर्गात नुसते येऊन उभे राहिले, की खिशातल्या चिठ्ठ्या आपोआप बाहेर पडायच्या म्हणे. हे 'म्हणे' साहेबांनी स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांच्या बायकोला ते तोंडपाठ झालं होतं. चुकून साहेबांनी एखादं वाक्य गाळलं तर ती स्वयंपाकघरातून भर घालायची.

तर झालं असं, की नातीने फोनवर सांगितलं, "आजोबा, सुट्टीत मी येणार आहे आणि मला घोडा पाहिजे."

"त्यात काय!" आजोबा म्हणाले.

या 'त्यात काय'मुळे त्या घरात आजवर बरंच काही झालेलं आहे. गच्चीवरची गळकी टाकी त्यातूनच आली आणि भिंतीत न मावणारं कपाटही. आता मेहुण्याला फोन गेला. मेहुणा गावाबाहेर पर्यटकांसाठी शेतघर चालवायचा आणि ते नुकतंच बंद करून बसला होता.

"भाऊजी, घोडे गेले सगळे," मेहुणा म्हणाला. "पण घोड्याच्या नात्यातलं एक आहे. बुटकं. तुमच्या कंबरेला लागेल एवढंच. दिसायला गोड. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त त्याला आजपर्यंत कुणी हात लावलेला नाही. कुरणातच जन्मलं, कुरणातच वाढलं. आम्हाला वेळच झाला नाही बघा."

"त्यात काय!" साहेब म्हणाले.

टेम्पोवाल्याने मागची फळी पाडली आणि स्वतः पटकन टपावर चढून बसला. खेचराने खाली उडी मारली. रंगाने अगदी चहात बुडवायच्या बिस्किटासारखं. पोट गोल, पाय काटकुळे आणि कान मात्र मोठ्या जनावराकडून उसने आणल्यासारखे लांबलचक. साहेब दोन्ही हात पसरून, छाती काढून त्याच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. भल्याभल्यांना या नजरेने घाम फुटलेला होता. खेचराने क्षणभर ती नजर पाहिली, बाजूला वळलं आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखालून जे सुसाट सुटलं, ते साहेबांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा कानांत अडकवूनच.

सगळ्या वसाहतीने तो पायजमा पाहिला. पुढे खेचर, मागे साहेब, त्यांच्यामागे "अहो, जपून, अहो, गुडघा!" असं ओरडत बायको. कोपऱ्यावरचे सुभेदार फाटकाला रेलून बघत होते. हे लष्करातून निवृत्त झालेले. आवाज असा की कुजबुजले तरी पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जावं.

"पायजमा कुणाचा म्हणायचा?" त्यांनी रस्त्याला विचारलं.

"साहेबांचा असणार," शेजारचे विमावाले गॅलरीतून म्हणाले. "गुडघ्याला ठिगळ आहे बघा."

शेवटी साहेबांच्या मागच्या अंगणातलं गवत खेचराला आवडलं म्हणून ते आपण होऊनच आत शिरलं, आणि साहेबांनी फाटकाला कडी घालून "आणलं शेवटी वठणीवर," असं धापा टाकत जाहीर केलं. नातीने फोनवर फोटो बघून त्याचं नाव लगेच बिस्किट ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रशिक्षण सुरू झालं. साहेबांची पद्धत सरळ होती. परीक्षेच्या वर्गात ते जसे फिरायचे, हात पाठीशी, मान ताठ, नजर समोरच्यावर रोखलेली, तसेच ते अंगणात फिरू लागले. बिस्किट या कोपऱ्यात असलं की साहेब या कोपऱ्याकडे निघत, ते त्या कोपऱ्यात गेलं की साहेब त्या कोपऱ्याकडे. झाडाभोवती दोघांनी इतक्या फेऱ्या घातल्या की गवतात गोल वाट पडली. संध्याकाळपर्यंत एक जण दमून बसला, आणि तो बिस्किट नव्हता.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. विमावाल्यांचं म्हणणं, जनावर उपाशी ठेवा, आपोआप पायाशी येईल. ते एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण जाताजाता साहेबांच्या पायांकडे काळजीने बघून "हाडं मोडण्याचं कलम आहे ना हो तुमच्या पॉलिसीत?" असंही विचारून गेले. सुभेदार म्हणाले, "अहो, आमच्या पलटणीत खेचरंच खेचरं होती. त्याच्या कानात हळूच फुंकर मारायची. मांजर होतं त्याचं." कानात फुंकर मारायची तर आधी कानापर्यंत पोचायला हवं, ही अडचण सुभेदारांनी उडवून लावली. साहेबांनी लांब नळी घेऊन कुंपणाबाहेरून फुंकर मारली. बिस्किटाने दुगाण्या झाडल्या आणि पाण्याची बादली विमावाल्यांच्या गॅलरीत जाऊन पडली. सुभेदार पलटणीत असताना उपाहारगृह सांभाळायचे, हे त्यानंतर त्यांच्याच बायकोकडून कळलं.

तरी खोटं कशाला बोला, थोडंसं जमायला लागलं होतं. साहेब गाजरांची बादली लांब हाताने धरून, दुसरीकडे कुठेतरी बघण्याचं नाटक करत उभे राहायचे. बिस्किट यायचं, मान जमेल तेवढी लांब करायचं, एक गाजर ओढायचं आणि पळायचं. एकदा तर गाजर तोंडात धरून ते तिथेच, साहेबांच्या समोर, चावत उभं राहिलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला सांगितलं नाही त्यांनी, बायकोलाही नाही.

पण नातीला फोनवर काय सांगितलं? "हात लावू देतं का आजोबा?" तिने विचारलं, आणि आजोबा म्हणाले, "म्हणजे काय! रोज. मानेला मिठी मारतो मी त्याच्या."

"खरंच?"

"मग! त्यात काय!"

बायकोने स्वयंपाकघरातून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली.

मग बिस्किटाचे खूर वाढले. पुढचे दोन तर चपलांसारखे पुढे वळले होते. जनावरांची डॉक्टरीण आली. वयाने लहान, कामाला चोख, आणि साहेबांना न घाबरणारी. हात न लावलेल्या जनावराचे खूर तासायचे तर त्याला गुंगीचं इंजेक्शन द्यावंच लागेल, म्हणाली. तिने कुंपणाआडून ते दिलं, बिस्किटाची मान हळूहळू खाली आली, ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले. तिने भराभर खूर तासले आणि पिशवी भरली.

"आता तासभर ते असंच उभं राहील. त्याच्या अंगाशी जाऊ नका. कळत नाही असं वाटतं, पण सगळं कळत असतं. नुकतं कुठे तुमच्याजवळ यायला लागलंय म्हणालात ना? ते बिघडवू नका."

"छे छे," साहेब म्हणाले.

डॉक्टरीण गेली. अंगणात शांतता. समोर बिस्किट, हूं की चूं न करता उभं. साहेबांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं. विमावाले नव्हते. एकदा रस्त्याकडे पाहिलं. आता बघा, हेच डोळे, असेच इकडे पाहून तिकडे पाहून चोरटे झालेले, साहेबांनी जन्मभर पकडले होते. अशा डोळ्यांच्या पोरांना हात धरून त्यांनी उभं केलेलं होतं. पण स्वतःचे डोळे माणसाला दिसत नाहीत ना.

"अगं, मोबाईल आण जरा," त्यांनी बायकोला हाक मारली.

बायको आली, तिने बिस्किटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "अहो, हे बरं नाही. ते बिचारं शुद्धीतसुद्धा नाही."

"फोटोत शुद्ध दिसत नाही."

"डोळे दिसतात की."

डोळे दिसत होते खरे. साहेबांनी बायकोचा उन्हाचा गॉगल आणला आणि बिस्किटाला चढवला. मेहुण्याने सोबत पाठवलेली म्होरकी, म्हणजे जनावराच्या तोंडावर बांधायची पट्ट्यांची ती जोडणी, तीही चढवली आणि बक्कल आवळलं. एवीतेवी घालायचीच होती, म्हणाले. मग मानेला मिठी मारली, गालाला गाल लावला आणि हसले. बिस्किटाचा ओठ लोंबत होता, तो फोटोत हसल्यासारखा आला. बायकोने फोटो काढला, मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

साहेबांनी गॉगल तेवढा काढून घेतला आणि फोटो नातीला पाठवला. खाली एकच शब्द लिहिला: विश्वास.

नातीच्या आईने, म्हणजे साहेबांच्या मुलीने, तो फोटो आपल्या मैत्रिणींना पाठवला, मैत्रिणींनी आणखी कुणाला, आणि संध्याकाळच्या आत फोटो फिरून वसाहतीच्या ग्रुपवर आला. विमावाले वसाहतीचे सेक्रेटरीही होते. ते धावत आले. "साहेब, कमाल केलीत! आमच्या डोळ्यांसमोर हे झालं आणि आम्हाला पत्ता नाही! आता मुलांच्या मेळाव्याला बिस्किट हवंच. तुम्ही त्याला घेऊन मंचावर यायचं. जनावर कसं माणसाळवावं, यावर दोन शब्द बोलायचे."

"तसं काही विशेष..." साहेब म्हणाले.

"हाच, हाच विनय!" विमावाले म्हणाले, आणि मोठा फ्लेक्स छापायला टाकला.

इकडे बिस्किट गुंगीतून उठलं, तेव्हा त्याच्या तोंडावर पट्टे आवळलेले होते आणि अंगाला साहेबांच्या तेलाचा वास येत होता. त्या दिवसापासून साहेब अंगणात आले की ते पलीकडच्या टोकाला जायचं, पाठ करायचं आणि मागचा पाय उचलून ठेवायचं. बायकोच्या हातून गाजर खायचं. सुभेदारांच्या हातूनसुद्धा खाल्लं, आणि सुभेदारांनी ते साऱ्या वसाहतीला ऐकवलं. पण साहेबांची बादली दिसली की कान मागे. म्होरकीकडे हात गेला की मात्र ते बायकोपासूनही पळायचं, मग ती काढणार कोण? आणि ती गालाला काचायला लागली होती. एका बाजूचे केस गेले, खालची कातडी लाल दिसायला लागली. साहेब रोज खिडकीतून ते लाल बघायचे आणि त्यांना घास जायचा नाही.

त्यात नगरपालिकेचं बोलावणं आलं. वसाहतीत जनावर ठेवायला परवानगी लागते. खिडकीवरचा कारकून बराच वेळ रकाने बघत बसला. कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, घोडा, गाढव. खेचर नाही.

"साहेब, आईच्या बाजूने घोड्यात लिहू, की वडिलांच्या बाजूने गाढवात?"

"दोन्ही चुकीचं होईल," साहेब म्हणाले. सवय जात नाही.

कारकून उठून उभा राहिला. "साहेब, मला ओळखलं नाहीत. तुम्ही मला परीक्षेत पकडलं होतं. पूर्ण वर्ष गेलं माझं." साहेब खिडकीपासून एक पाऊल मागे सरले. पण कारकून हसत होता. "फार राग आला होता तेव्हा. पण खरं सांगतो, त्या दिवसानंतर मी कधी खोटं काम केलं नाही. या टेबलावर तर नाहीच. तुमच्यामुळे." मग त्याने मोबाईलमधला तो फोटो काढून दाखवला. "जनावर माणसाळलेलं आहे याची खात्री आम्हाला स्वतः येऊन करावी लागते. पण हे बघितल्यावर कशाला यायचं? तुम्ही नुसतं तोंडी सांगा, मी मान्य करतो. आहे ना माणसाळलेलं?"

आता खरं सांगून टाकायला हरकत नव्हती. इतका चांगला माणूस, इतकी सोपी वेळ. साहेबांनी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "आहे."

घरी आले ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. बायकोने चहा ठेवला, तो थंड झाला. "सांगून टाका हो आता," ती हळूच म्हणाली. "कुणाला सांगू? आता कुठून सुरुवात करू?" साहेब म्हणाले. आणि हे खरंच होतं. थाप एकाला मारली असती तर मागे घेता आली असती. ही वसाहतभर पसरून, फ्लेक्सवर छापून, आता मंचावर टांगली जाणार होती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मुलगी आणि नात आल्या. नातीने पायातले बूट न काढता मागचं अंगण गाठलं. "आजोबा, त्याला बोलवा ना! मिठी मारून दाखवा!"

"आत्ता ते दमलंय," आजोबा म्हणाले.

जेवल्यावर ते झोपलेलं होतं. संध्याकाळी त्याचं मन लागत नव्हतं. नात आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

मेळाव्याला सगळी वसाहत जमली. मंचामागे तो फ्लेक्स, माणसाच्या दुप्पट उंचीचा, गॉगल घातलेलं बिस्किट आणि त्याच्या गालाला गाल लावून हसणारे साहेब, खाली ठळक अक्षरांत 'विश्वास'. कारकूनही मागच्या खुर्चीत येऊन बसला होता, खास साहेबांचं ऐकायला. बिस्किट मागाहून येतंय, त्याची तयारी चालू आहे, असं साहेबांनी विमावाल्यांना सांगितलं होतं. त्यांचा विचार असा की भाषण इतकं लांबवायचं की लोकच उठून जातील. तेवढं कौशल्य त्यांच्याजवळ होतं.

पण सुभेदारांना सेवेची हौस. साहेबांना मदत म्हणून ते परस्पर मागच्या अंगणात गेले आणि "चला राजे," म्हणून त्यांनी फाटक उघडलं.

साहेब माईकवर बोलत होते, "मित्रहो, जनावराला आपल्या मनातलं सगळं कळतं," आणि तेवढ्यात मैदानाच्या टोकाला आरडाओरडा झाला. बिस्किट खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पळत येत होतं, मागे सुभेदार. सरबताचं टेबल गेलं. फुग्यांची कमान गेली. बिस्किट मंचावर चढलं, तिथे त्याला साहेब दिसले, आणि साहेबांपासून दूर जायचं तर समोर फक्त फ्लेक्स होता. ते त्यातून आरपार गेलं. नेमकं साहेबांच्या हसऱ्या तोंडातून. पलीकडे मंचाची मागची भिंत लागली म्हणून थांबलं, त्याच भोकातून मान बाहेर काढून थरथरत उभं राहिलं. फाटलेल्या फ्लेक्समधून त्याचा गाल दिसला, तो लाल झालेला.

नात पहिल्या रांगेतून उठून मंचाशी आली.

"आजोबा, ते तुम्हाला घाबरतं."

साहेबांनी फाटलेल्या फ्लेक्सकडे पाहिलं.

"मग फोटोत कसं उभं राहिलं?"

माईक चालू आहे हे साहेबांना आठवलं नाही. का आठवलं आणि त्यांनी तो बाजूला केला नाही, हे त्यांनाच ठाऊक.

"त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं," ते म्हणाले. "ते झोपेत होतं. डोळे झाकायला मी गॉगल घातला. मला... मला कधीच हात लावू दिला नाही त्याने."

हे मैदानभर ऐकू गेलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बरेच हसले. विमावाल्यांनी घाईघाईने माईक काढून घेतला आणि सरबत पुन्हा होईल असं सांगितलं. साहेबांनी मागच्या खुर्चीकडे पाहिलं. कारकून उठला होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, तेही रागाने नाही, चष्मा पुसला आणि निघून गेला. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने गाजरांची बादली हातात धरून बिस्किटाला घरी नेलं, आणि साहेब त्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून चालत गेले.

लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण लोक समजूतदारपणाने वागले. "होतं हो," विमावाले सकाळी म्हणाले. "हल्ली सगळेच करतात फोटोत असं." सुभेदार आले, खुर्ची ओढून बसले आणि आपणही पलटणीत खेचराला कधी शिवलो नव्हतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात सांगितलं. आपण कुणाच्या पंगतीत येऊन बसलो हे साहेबांना तेव्हा कळलं. ते आंघोळ करून नगरपालिकेत गेले आणि 'आहे'चं 'नाही' करून आले. कारकुनाने ते ऐकून घेतलं, पाहणीला यावं लागेल एवढंच म्हणाला, आणि या वेळी उभा राहिला नाही.

घरात नात बोलत होती, पण कशी? आजी म्हणाली, "चल, पान वाढलंय." नात लगेच उठली. आजोबा म्हणाले, "बाहेर ऊन आहे, टोपी घाल." नात खिडकीपाशी गेली, पडदा बाजूला करून ऊन आहे की नाही ते तिने स्वतः बघितलं, आणि मग टोपी घातली. मुलगी म्हणाली, "बाबा, मनावर घेऊ नका, लहान आहे ती." पण साहेब पानावरून उठून गेले.

ते मागच्या अंगणात गेले. म्होरकी काढायची होती, दुसरं काही डोक्यात नव्हतं. बिस्किट पलीकडच्या टोकाला, पाठ करून. साहेबांनी बादली आणली नव्हती. डोळ्याला डोळा द्यायचं तर त्यांच्यात बळच नव्हतं. झाडाखाली गेले आणि जमिनीवरच बसले, गुडघा कुरकुरला तरी. पाठ वाकली, खांदे पडले, मान छातीवर आली. काय सांगायचं असतं खेचराला? 'माझं चुकलं' म्हणायचं तर ते कुठल्या भाषेत? त्यांना त्या गुंगीतल्या बिस्किटाचं आपल्या मानेवरचं वजन आठवलं, किती निर्धास्त टेकलं होतं ते, पळता येत नव्हतं म्हणून. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

मागे पाचोळा वाजला. "येतो गं," ते म्हणाले. बायकोच असणार असं त्यांना वाटलं. पण नात होती. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली, बसली आणि तिनेही मान खाली घातली.

"तू कशाला?" साहेब म्हणाले. "तू काय केलंयस?"

बराच वेळ ती बोटाने मातीत रेघा मारत होती. मग म्हणाली, "मी वर्गात सगळ्यांना सांगितलं. तो फोटो दाखवला आणि सांगितलं की मी त्याच्यावर बसते. म्हटलं, दर सुट्टीत बसते. बाईंनी माझं कौतुक केलं. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या."

साहेबांनी तोंड उघडलं. खोटं का बोलू नये, यावर त्यांचं एक भाषण तयार होतं, कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या गाजलेलं, अगदी विश्रामचिन्हांसकट पाठ. त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडून बाहेर येईना. त्यांनी तोंड मिटलं.

"फार वाटतंय का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"खूप," ती म्हणाली, आणि रडायला लागली. साहेबांनी तिचा हात धरला. आपल्याला काय वाटतंय, हे तिला सांगायची गरज पडली नाही.

दोघं तशीच बसून राहिली. पाचोळा पुन्हा वाजला, थांबला, आणखी जवळ वाजला. गवताचा वास असलेला गरम श्वास साहेबांच्या मानेवर आला. ते हलले नाहीत. बिस्किटाने त्यांच्या खांद्याला आपला काचलेला गाल लावला आणि जोरजोरात घासायला सुरुवात केली. खाजत होतं बिचाऱ्याला. साहेबांनी न बघता, इंचाइंचाने हात वर नेला, बोटांना बक्कल लागलं, आणि त्यांनी ते सोडवलं. म्होरकी मातीत पडली.

आता त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं. बिस्किटाने मान झटकली, दोन पावलं मागे सरलं आणि परत आलं. नातीच्या डोक्याचा वास घेतला, मग साहेबांच्या, मग पुन्हा गाल घासायला लागलं.

"आजोबा," नात कुजबुजली, "बघायचं का त्याच्याकडे?"

"कुठल्या तोंडानं बघू?" साहेब म्हणाले.

नातीने थोडा विचार केला, आणि दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.